पाव्हण्यांची जीप

सुभेदार रेडेकरांनी जीपवरची ताडपत्री ओढून काढली आणि धैर्यशीलरावांच्या तोंडून "आई शप्पथ!" निघून गेलं. मी त्यांना कोपरानं ढोसलं. विकणाऱ्याच्या देखत गाडीचं कौतुक करायचं नसतं, हे मी त्यांना गडहिंग्लजपासून आजऱ्यापर्यंत येताना तीनदा सांगितलं होतं.

"शहाण्णव सालची हाय," सुभेदार म्हणाले. "एका हातानं वापरलीया. माझ्या. आता गुडघं क्लच दाबू देत न्हाईत म्हणून काडायची, न्हाईतर काडली नसती."

मी शर्ट काढून बाजूच्या पेरूच्या फांदीवर टाकला आणि जीपखाली शिरलो. हातात नेहमीची बारकी हातोडी होती. चेसिसवर ठोकत जायचं. लोखंड शाबूत असेल तर ठणठण वाजतं, आतून खाल्लेलं असेल तर भद्द आवाज येतो. ही पुढून मागेपर्यंत मंदिरातल्या घंटेसारखी वाजली. खाली ऑइलचा थेंब नाही, रबरं नवी, ब्रेकच्या नळ्या बदललेल्या. बाहेर आलो तेव्हा धैर्यशीलराव बॉनेटवर हात ठेवून उभे होते आणि माझ्या तोंडाकडं बघत होते.

धैर्यशीलराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, वैजूचे यजमान. कोल्हापुरात पॉलिटेक्निकला ड्रॉइंग शिकवायचे. शांत माणूस. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही, आणि मागून घेतलेला भात त्यांनी पानात कधी टाकला नाही. पण दोन वर्षांपूर्वी सर्फराज नावाच्या मित्रानं त्यांना आपल्या जीपमधून डोंगरात नेलं आणि त्यांना त्याचं वेड लागलं. ओढ्यातून, चिखलातून, जिथं बैलगाडी जाणार नाही तिथून जीप काढायची आणि संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन घरी यायचं. आता त्यांना स्वतःची जीप हवी होती. जुनी, स्वस्तातली, पण चारही चाकं ओढणारी.

आणि जुनी गाडी घ्यायची तर आमच्या तीन तालुक्यांत एकच पद्धत होती: आधी नेसरीकरांना दाखवायची. म्हणजे मला. माझं गॅरेज लहान होतं, पण कान मोठा होता. गाडी अंगणातून रस्त्यापर्यंत गेली की तिच्या पोटात काय दुखतंय ते मी सांगायचो. असं लोक म्हणायचे आणि मलाही ते ऐकायला आवडायचं.

"चालवून बघू," मी म्हणालो.

सुभेदारांच्या काजूच्या बागेमागं लाल मातीची चढण होती. आषाढातली ओली माती, मधून पाण्यानं कापलेली. मी स्टिअरिंगवर, धैर्यशीलराव शेजारी. या गाड्यांना गिअरचे दोन दांडे असतात. एक नेहमीचा, दुसरा बारका. बारका 'लो'मध्ये टाकला की गाडी गोगलगायीच्या चालीनं जाते, पण भिंतही चढेल असा जोर येतो; आणि उतारावर तोच लो गाडीला मागून धरून ठेवतो, ब्रेकवर पाय ठेवावा लागत नाही. मी लो टाकला. जीप न कुरकुरता वर चढली, वर जाऊन वळली आणि त्याच शांतपणे खाली आली.

"कशी आहे?" धैर्यशीलरावांनी विचारलं. त्यांचे डोळे लहान पोरासारखे झाले होते.

मी गाडी थांबवली. पुन्हा लोमध्ये थोडी पुढं घेतली.

"आवाज ऐकलात?"

"कुठला?"

"हा. कण्हल्यासारखा. ऊंऽऽ असा."

त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "हो. येतोय खरा."

"आतल्या गिअरच्या पेटीतले दात झिजलेत. आज चालेल, उद्या चालेल. एखाद्या दिवशी उतारावरच दगा देईल."

त्यांनी बॉनेटकडं पाहिलं, मग बागेकडं. "दुरुस्ती?"

"त्या पैशात दुसरी गाडी येईल, पाव्हणं."

अंगणात परत आल्यावर सुभेदारांनी चहा पुढं केला. "काय खोट सापडली का?"

"छे छे, गाडी चांगली आहे. आमचंच अजून ठरंना. विचार करून कळवतो."

सुभेदारांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. गाडी सांभाळणारा माणूस गाडी ओळखणाऱ्या माणसाला ओळखतो. मग त्यांनी ताडपत्री उचलली आणि एकेक कोपरा ओढून जीप पुन्हा झाकून टाकली.

त्या गाडीत काहीही खोट नव्हती. लोमध्ये टाकल्यावर या जातीची प्रत्येक जीप कण्हते. नवी कोरी असली तरी कण्हते. तिच्या दातांची रचनाच तशी असते. तो आवाज म्हणजे दुखणं नव्हे, तब्येत ठणठणीत असल्याची खूण. अशी निगा राखलेली जीप मी तोवर एकदाच पाहिली होती, आणि त्यानंतर पाहिली नाही.

हे मी का केलं ते सांगतो. त्याच्या आठवडाभर आधी वैजू माझ्याकडं येऊन गेली होती, चार वर्षांच्या मुलीला घेऊन. माझी बायको मुलीला घेऊन परसात गेली तशी वैजू माझ्याजवळ येऊन बसली.

"दादा, ते तुझ्याकडं येतील जीप बघायला चल म्हणून. जा तू. पण त्यांना घेऊ देऊ नकोस."

"मग तूच सांग की त्यांना."

"मी सांगितलं. हसतात. म्हणतात, काही होत नाही. गेल्या महिन्यात सर्फराजभाईंची गाडी कलंडली, हे घरी येऊन मला गंमत म्हणून सांगतात! मला रात्रीचं दरी दिसते रे." तिनं पदर तोंडाला लावला. "तू नुसतं म्हण, ही नको, ती नको. तुझं ऐकतील ते. तुझ्या कानावर त्यांचा देवासारखा विश्वास आहे."

मी धैर्यशीलरावांना तोंडावर नाही म्हणू शकत होतो का? नव्हतो. आमच्याकडं जावयाला 'नको' म्हणत नाहीत. लग्नात ज्याचे पाय धुतले त्याला हे करू नका, ते घेऊ नका असं बहिणीचा भाऊ सांगत नाही. माणसाला नाही म्हणायचं नसलं की आम्ही वस्तूत खोट काढतो. स्थळ नको असलं की मुलात काही वाईट नाही म्हणतो, पत्रिका जुळत नाही म्हणतो. सगळ्यांना कळतं, कुणी दुखावत नाही, चहा पिऊन माणसं घरी जातात. मी जीपची पत्रिका जुळवली नाही, एवढंच.

फरक एवढाच, की धैर्यशीलरावांना ते कळलं नाही. त्यांनी खरं मानलं.

पुढच्या दोन रविवारी आम्ही आणखी दोन गाड्या पाहिल्या. निपाणीची खरोखरच सडलेली होती. हातोडी आत गेली. संकेश्वरची बरी होती. तिला मी लोमध्ये टाकलं आणि तोंड न उघडता बसलो. धैर्यशीलरावांनी डोळे मिटले, कान पुढं केला.

"आहे की हो दादा! हिच्यातही आहे. ऊंऽऽ."

"कान तयार झाला तुमचा," मी म्हणालो.

ते खूश झाले. परत येताना वाटभर तेच बोलत होते, की आता आपल्याला कुणी फसवू शकणार नाही. मीही हसलो. बहिणीचं काम झालं होतं, पाव्हणे दुखावले नव्हते, आणि माझ्या कानाची कीर्ती आणखी वाढली होती.

त्यानंतर दीड महिना त्यांनी जीपचं नाव काढलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी वैजूला फोनवर म्हणालोसुद्धा. ती किती दिवसांनी मोकळी हसली.

गणपती जवळ आले होते. एका गुरुवारी दुपारी मी एका टेम्पोच्या खाली असताना फोन वाजला.

"दादा, घेतली!"

"काय?"

"जीप! मिरजेकडच्या एका एजंटकडं होती. तुम्हाला किती वेळा कामं सोडून पळवायचं म्हणून मीच गेलो. आणि सगळं तुम्ही शिकवलं तसं बघितलं. हातोडीनं ठोकून बघितलं. मग चढावर नेली, लोमध्ये टाकली, इंजिन वाढवलं, पुन्हा पुन्हा ऐकलं." त्यांनी श्वास घेतला. "दादा, अजिबात आवाज नाही. एवढासुद्धा नाही. लोण्यासारखी चालते."

मी टेम्पोखालून बाहेर आलो. हाताला ऑइल होतं, फोन निसटत होता.

लोमध्ये आवाज न करणारी जीप नसते. आवाज येत नसेल तर त्याचा अर्थ एकच. आतले दात इतके झिजलेत की खडखडाट होतोय, आणि तो दाबण्यासाठी कुणीतरी पेटीत ऑइलऐवजी ग्रीस आणि लाकडाचा भुसा कोंबलाय. आमच्या धंद्यातली जुनी लबाडी आहे ती. भुसा आवाज गिळतो, पण दातांना धरून ठेवत नाही. पेटी तापली की बारका दांडा आपोआप उडून मधे, न्यूट्रलला येतो, आणि मग मोठा गिअर पहिल्यात असला तरी चाकांना त्याचा पत्ता नसतो. गाडी सुटते.

हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या एका क्षणात कळलं. मी ते शब्द तोंडापर्यंत आणले. पण ते बोलायचे तर आधी सांगावं लागणार होतं, की चांगली गाडी कण्हतेच. मग आजऱ्याची? मग संकेश्वरची? आणि त्यामागं वैजू. ते वैजूला विचारणार, तू दादांना सांगितलं होतंस का? नवराबायकोत मी आग लावणार. आणि खरं सांगायचं तर मला वैजूपेक्षा माझी लाज जास्त वाटली. ज्या कानावर ते देवासारखा विश्वास ठेवत होते, त्यानं त्यांना खोटं शिकवलं होतं.

"मला एकदा आणून दाखवा की," मी म्हणालो.

"आणतो की. पुढच्या रविवारी तुमच्याकडंच येतो, वैजूला न् चिमणीला घेऊन. या रविवारी शाहूवाडीकडं जायचं ठरलंय सगळ्यांचं."

"या रविवारी नका जाऊ. आधी मी बघतो."

"दादा, तुम्हालाही वैजूसारखी भीती वाटायला लागली काय?" ते हसले. "तिला अजून सांगितलं नाही बरं का. तुम्ही सांगू नका. या रविवारी परत येताना दारात आणून उभी करतो."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"सावकाश जावा," एवढंच म्हणालो.

शुक्रवारी ठरवलं, उद्या कोल्हापूरला जायचं. काहीतरी निमित्त काढून पेटीचा खालचा बोल्ट उघडायचा, घाण काढून टाकायची, ऑइल बदलून देतो म्हणायचं; मग खडखडाट त्यांचा त्यांनाच ऐकू आला असता. खरं बोलायची गरजच नाही. ही युक्ती सुचली तेव्हा मला फार हलकं वाटलं. शनिवारी सकाळी त्या टेम्पोचा मालक गाडी न्यायला आला, तिचं काम संपेपर्यंत तीन वाजले. मग वाटलं, आता कुठं जाता. एका रविवारी काय होतंय. असल्या पेट्या पाचशे किलोमीटर तरी काढतात. मी हात धुतले आणि घरी जाऊन झोपलो. चांगली झोप लागली, हेही सांगून टाकतो.

रविवारी अकरा वाजता सर्फराजचा फोन आला. तो आधी मोठ्यानं बोलत होता, मग रडत होता. सगळ्या गाड्या ओढा पार करून गेल्या होत्या. पलीकडं जांभ्या दगडाचा उतार. धैर्यशीलराव लोमध्ये, पहिल्या गिअरात, ब्रेकवर पाय न ठेवता, अगदी शिकवल्यासारखे उतरत होते. मध्यावर जीप एकदम सुटली. ब्रेक ओढ्याच्या पाण्यानं भिजलेले होते, लागले नाहीत. खालच्या वळणावर ती दोनदा उलटली.

"भाईजान ओरडले नाहीत हो," सर्फराज म्हणाला. "नुसता तो बारका दांडा धरून बसले होते. परत आत घालायला बघत होते."

ते जगले. पाठीचा मणका गेला. कमरेखाली काही उरलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी जीप बघायला गेलो. एका शेताच्या कडेला ओढून ठेवली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी खाली शिरलो आणि पेटीचा बोल्ट उघडला. ऑइल आलं नाही. करड्या रंगाचं पिठल्यासारखं काहीतरी हळूहळू बाहेर आलं आणि माझ्या मनगटावर पडलं. बोटांत घेतलं तर भुसा. मी बोल्ट परत लावला, हात गवताला पुसले आणि कुणालाही काही सांगितलं नाही. त्या एजंटाला पोलिसांत देता आलं असतं. पण मग पोलिसांनी विचारलं असतं, तुम्हाला हे कधी कळलं?

दवाखान्याच्या जिन्यात वैजूनं मला गाठलं. तीन रात्री झोपली नव्हती. मला वाटलं, आता ही मला विचारणार.

"दादा, तू तुझ्याकडून केलंस," ती म्हणाली. "तीन गाड्या नको म्हणालास. त्यांनीच चोरून घेतली. तू मनाला लावून घेऊ नकोस." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिलो. त्या हाताची मला किळस आली, पण मी तो काढला नाही.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. गॅरेज मी त्याच साली बंद केलं. लोकांना सांगितलं, ऐकू कमी येतं. पण मला आठवते ती जीप नाही, सर्फराजचा फोनही नाही. आठवतो तो त्यानंतरच्या पाडव्याचा दिवस.

वैजूनं जेवायला बोलावलं होतं. बाहेरच्या खोलीत लोखंडी कॉट, तिला आडवी फळी बसवलेली, फळीवर ड्रॉइंगचा कागद. धैर्यशीलराव फार वाळले होते. पॉलिटेक्निकवाल्यांनी त्यांना घरी बसून वह्या तपासायचं काम दिलं होतं. मला बघून त्यांनी पेन्सिल ठेवली.

"बसा दादा. इथं, जवळ."

मी कॉटच्या कडेला बसलो. आतून पुरणाचा वास येत होता आणि वैजू मुलीला हाक मारत होती.

"बरेच दिवस बोलायचं होतं," ते म्हणाले. "वैजूसमोर नको म्हणून थांबलो."

म्हटलं, यांना कळलं. पडल्या पडल्या माणूस किती विचार करत असेल. सर्फराजशी बोलले असतील, त्याच्या जीपमध्ये बसून दोन वर्षं काढलेली, कधीतरी आठवलं असेल की तीही लोमध्ये कण्हायची. मला भीती वाटली आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखंही वाटलं. विचारलं की सांगायचं, असं मी त्या दोन सेकंदांत ठरवून टाकलं. आजऱ्यापासून सगळं. मग त्यांनी थुंकलं तरी चालेल.

"तुम्ही तीन रविवार घातलेत माझ्यासाठी," ते म्हणाले. "आपलं गॅरेज बंद ठेवून. हातोडी घेऊन चिखलात लोळलात. आणि मी काय केलं? कान आला म्हणून शेफारलो. तुम्हाला न दाखवता घेतली. त्या फोनवरसुद्धा तुम्ही म्हणालात, या रविवारी नका जाऊ. मी हसलो तुम्हाला."

"पाव्हणं, अहो..."

"बोलू दे मला. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, बघा, मी सांगत होतो म्हणून. दुसरा कुणी असता तर ऐकवलं असतं. मीच काहीतरी चुकीचं ऐकलं असणार त्या दिवशी. माझाच कान कच्चा." त्यांचे डोळे भरले होते. "तुमच्या बहिणीचं आयुष्य मी या कॉटला बांधून टाकलं दादा. त्याची तुमच्याकडं माफी मागायची होती."

आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. ज्यांचे पाय मी आईवडिलांच्या शेजारी उभा राहून धुतले होते, ते फळीवरचे दोन्ही हात उचलून माझ्यापुढं जोडून बसले. ते हात सुटत नव्हते. ते उत्तराची वाट बघत होते.

मी ते हात माझ्या हातात घेतले आणि खाली केले.

"असू द्या," मी म्हणालो. "चुकतं माणसाचं."